फॅनची मोटर आधी थेट बॅटरीवर तपासा
गाडीचा रेडिएटर फॅन फ्यूज आणि रिले (फॅनला करंट देणारा स्विच) दोन्ही बदलूनही फिरत नाही म्हणताय, तर आता मोटरच तपासा. इंजिन बंद करून फॅनचा कनेक्टर काढा आणि जाड वायरने, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज टाकून, बॅटरीवरून थेट करंट द्या. हात लांब ठेवा. पातं काठीने ढकलल्यावरच फिरलं तर मोटरमधले कार्बन ब्रश (आत करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत.

मोटर नीट फिरली तर कनेक्टर निरखून बघा: वितळलेलं प्लास्टिक, हिरवट पडलेल्या पिना. इथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, लोड नसताना गंजलेली वायरही १२ व्होल्ट दाखवते. त्याऐवजी गाडीकडून येणाऱ्या कनेक्टरला हेडलाइटचा बल्ब जोडा. मंद पेटला तर वायर किंवा अर्थिंग खराब.

कूलंटची पातळीही बघाच. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर कोरडा राहिला तर इंजिन तापूनही फॅन सुरू होत नाही.