जिन्याखाली सायकली नको

ए-१०४: नमस्कार मंडळी. काल रात्री पार्किंगमधून मुलीची सायकल गेली. पहाटे साडेपाचला शंकरनगरला ट्यूशनला जाते ती, आज पायी गेली. तारेचं कुलूप होतं, त्याचे तुकडे तिथंच पडले होते. पोलीस ठाण्यात फ्रेमचा नंबर विचारला. आमच्याजवळ तो लिहिलेला नव्हता.

बी-३०१: अरेरे! फार वाईट झालं ताई.

बी-२०२: आजपासून सगळ्यांनी जिन्याखाली ठेवा ना जी. गेटवरून दिसत नाही.

ए-४०३: काकाजी, तिथं नको. सगळ्यांचे मीटर जिन्याखालीच आहेत. शॉर्टसर्किट झालं अन् टायर पेटले, तर धूर जिन्यातूनच वर चढेल, अन् आपल्याला उतरायला दुसरी वाट नाही. माझी आई वॉकर धरून एकेक पायरी उतरते. बॅटरीची सायकल तर तिथं कोणीच चार्जिंगला लावू नका, हात जोडून सांगतो.

बी-२०२: मग गच्ची?

सी-२०१: मी ठेवली होती काकाजी, दोन उन्हाळे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की टायरला भेगा पडतात, पंक्चरचे पॅच सुटतात. अन् पंधरा-सोळा किलोची सायकल चार माळे कोण चढवून राहिलं रोज? पोरानं चालवणंच सोडून दिलं.

बी-१०१: आमची एक खोली अन् किचन, तरी सायकल घरातच आहे. बैठकीच्या भिंतीला हूक लावून पुढचं चाक वर, अशी उभी टांगली. जमिनीवर सहा फूट जागा अडत होती, आता हँडलच्या रुंदीएवढी अडते. फक्त हूक ९ इंची भिंतीत किंवा कॉलममध्येच ठोका. आधी आम्ही ४ इंची भिंतीत साधा स्क्रू मारला होता, तो प्लास्टरसकट उपटून आला. पोरगी शेजारीच झोपली होती. मग ड्रिल मारून अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट, बसवला. मागच्या चाकाखाली भिंतीला जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, काळे डाग पडत नाहीत. पावसातून आली की आधी पुसा, मगच टांगा.

सी-३०४: बाबांना ७० व्या वर्षी उचलून टांगणं जमणार नाही. ते रोज सायकलनं फुटाळा तलावावर जातात.

ए-४०३: म्हणूनच खाली पक्की सोय हवी. बोअरच्या मागच्या कोपऱ्यात, स्लॅबच्या सावलीत, उलट्या यू आकाराचे लोखंडी पाइप गाडू. जमिनीवर अडीच फूट, खाली एक फूट काँक्रीटमध्ये. दोन पाइपांत तीन फुटांचं अंतर. एका पाइपाला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात, सहा पाइपांत आपल्या बारा बसतील. नटबोल्टवर उभे केलेले नको, चोर पान्यानं खोलतो. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारायचं काम माझ्याकडे.
अन् कुलूप यू-लॉकच घ्या, यू आकाराच्या जाड पोलादी दांड्याचं. तार कटरनं क्षणात तुटते. सायकलला येतं ते मागच्या चाकाचं कुलूप नुसतं चाक अडवतं, सायकल उचलून नेता येते. फ्रेम, मागचं चाक अन् पाइप, तिन्ही एकाच लॉकमध्ये यायला पाहिजेत. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक राहतं, सायकल जाते.

ए-१०४: फ्रेमचा नंबर कुठं असतो?

ए-४०३: सायकल उलटी करा ताई. पॅडलचा दांडा जिथून जातो, बहुतेक तिथं खाली कोरलेला असतो. आज सगळ्यांनी त्याचा अन् बिलाचा फोटो काढून ठेवा.

सी-३०४: ताई, बाबा म्हणतात, उद्यापासून पोरीला आमची सायकल द्या. ते ती आल्यावर निघतील.

ए-१०४: काकाजींना नमस्कार सांगा. पहाटे पाचला वर येते.

बी-२०२: ठीक आहे, जिन्याखालचं मागे घेतो. वेल्डिंगवाल्याला रविवारी आठला बोलावतो, मापं त्याच्यासमोरच घेऊ. त्या कोपऱ्यात दोन जुन्या टाक्या अन् एक पलंग पडून आहे. ज्यांचा असेल त्यांनी शनिवारपर्यंत उचला.

बी-३०१: पलंग आमचा आहे. आजच हलवतो.