थंडीतलं पोटभरीचं सूप: दाटपणा कॉर्नफ्लोअरचा की जिन्नसांचा?

मंदआच:
जेवणाऐवजी प्यायच्या सुपात कॉर्नफ्लोअर घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं वाटी दाट दिसते, पोट भरत नाही. १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम मसूर डाळ, एक मध्यम बटाटा, दोन गाजरं आणि एक मोठा कांदा पुरे. कांदा चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ८-१० मिनिटं परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही. मग डाळ, भाज्या, पाणी. साधारण २५ मिनिटांत डाळ मोडते. निम्मं सूप पळीच्या पाठीनं घोटायचं, बाकीचे तुकडे तसेच ठेवायचे. टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटामुळे डाळ आणि बटाटा लवकर मऊ पडत नाहीत, आणि शिव्या मात्र डाळीला बसतात.

चिमूटभर:
साफ अमान्य. कॉर्नफ्लोअर बुळबुळीत लागतं ते घालणाऱ्याच्या हातामुळे. १ लिटरला दोन सपाट मोठे चमचे, त्याहून जास्त नाही. गार पाण्यात कालवून, उकळत्या सुपात बारीक धार धरून, ढवळत घालायचं. कोरडं पीठ थेट गरमात टाकलं की वरचा थर तेवढा फुगतो आणि आत पीठ कोरडंच राहतं, त्याच गुठळ्या. उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटं ठेवलं की कच्चट चव जाते. नंतर खळखळवत बसलात तर फुगलेले कण फुटतात, सूप पुन्हा पातळ होतं, मग लोक आणखी पीठ ओततात. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, कारण आंबटात उकळल्यानंही दाटपणा उतरतो. आणि चिकनच्या नितळ सुपात तुमची मसूर घातली तर गढूळ वरणच होईल.

मंदआच:
नितळ सूप हवं असेल तर चर्चाच संपली, धागा पोटभरीच्या सुपाचा आहे. शिवाय मोठं पातेलं करून दोन दिवस पुरवायचं म्हटलं तर? कॉर्नफ्लोअरच्या सुपाला फ्रिजमध्ये पाणी सुटतं. फ्रीझरमधून काढलं तर स्पंजासारखे लगदे. डाळीचं सूप आळतं, अर्धा कप पाणी घालून गरम केलं की जागेवर येतं.

जाडबुड:
डाळ-बटाट्याच्या बाजूनं, पण एक भर. बटाटा मिक्सरमध्ये फिरवू नका. पात्यानं स्टार्चचे कण फुटतात आणि सूप डिंकासारखं ताणतं. घोटणंच बरोबर. गाजर-भोपळा खुशाल फिरवा, पण भांडं निम्मंच भरा आणि झाकणाची मधली टोपी काढून वर फडकं धरा. गरम सुपाची वाफ कोंडली की झाकण उडतं आणि हात भाजतो.
कुकर वापरणार असाल तर पाणी पाऊण लिटरच घ्या. उघड्या पातेल्यात जे आटतं ते कुकरमध्ये आटत नाही. ‘कुकरचं सूप पचपचीत’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा एवढंच असतं.

चिमूटभर:
म्हणजे कांदा १० मिनिटं, डाळ २५, वर घोटणं. कामावरून आल्यावर एवढा वेळ कुणाकडे आहे? फ्रिजमधला शिजवलेला मका, चिरलेल्या भाज्या, अंडं फेटून सोडलेली धार आणि कॉर्नफ्लोअर: १५ मिनिटांत पोट भरतं. पोट अंड्यानं भरतं, पिठानं नाही, हे मान्य.

वाफाळ:
डाळीऐवजी राजमा घालणाऱ्यांसाठी, वाद बाजूला ठेवून. रात्रभर भिजवून ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा, मगच आच कमी करून पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य नुसत्या मंद आचेवर जात नाही. स्लो कुकरमध्ये थेट टाकला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. ‘मंद आच म्हणजे चांगलं’ हे इथं लागू नाही.

मंदआच:
राजम्याचं बरोबर. मसुरीला ही भानगड नाही, म्हणून तर मसूर.

चिमूटभर:
आणि कॉर्नफ्लोअरला भिजवणंही नाही.