शिळं, उरलेलं, उष्टं, विटलेलं

गेल्या आठवड्यात भाची राहायला आली होती. सकाळी तिला फोडणीचा भात करायची हौस आली. फ्रिजमधून रात्रीच्या भाताचा डबा काढून ती आईला म्हणाली, "आजी, हा लेफ्टओव्हर राइस खराब झालाय का गं?" आईने डबा हातात घेतला, झाकण उघडून नाकाशी नेला, दोन शितं अंगठ्याने चिरडली आणि बोट वर उचलून पाहिलं. तार आली नाही. "शिळा आहे, विटलेला नाही. घाल फोडणीत."

भाचीला 'विटलेला' हा शब्द माहीत नव्हता आणि 'शिळा' म्हणजे खाऊ नये असा, असा तिचा समज होता. तो समज तिच्या एकटीचा नाही. पाककृती लिहिणारे बरेच जण हल्ली 'उरलेल्या पोळीचे' पदार्थ लिहितात, 'शिळ्या पोळीचे' लिहायचं टाळतात. शिळं हा जणू घाणेरडा शब्द झाला. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

उरलेलं म्हणजे पातेल्यात शिल्लक राहिलेलं, कुणाचा हात न लागलेलं. दुपारी बाराला केलेली भाजी दोनला उरलेली असते, पण शिळी नसते. तीच रात्र उलटून सकाळी समोर आली की शिळी. पानात टाकलेलं ते उष्टं, मग ते पाच मिनिटांपूर्वीचं का असेना. आणि पातेल्याच्या काठाला, ओट्यावर, पळीला चिकटलेली शितं म्हणजे खरकटं. चार शब्द, चार वेगळ्या गोष्टी. 'लेफ्टओव्हर' म्हटलं की चारही एका डब्यात जातात आणि मग उष्ट्याची किळस शिळ्यालाही चिकटते.

याहून मोठा ठेवा आहे तो बिघडण्याच्या क्रियापदांचा. आमटी, भात, उसळ विटते. दूध नासतं. पीठ आंबतं, आणि आंबोळीसाठी ते आंबावं म्हणून आपण वाट पाहतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं. दाणे, सुकं खोबरं, तूप खवट होतं. पावसाळ्यात पापड आणि चिवडा सादळतो. पोळी वातड होते. दमट जागेतल्या पिठाला कुबट वास येतो. या सगळ्याला 'खराब झालं' म्हणता येतं, पण मग पुढे काय करायचं ते कळत नाही. जुन्या शब्दात उपायही सांगितलेला असतो. सादळलेला चिवडा कढईत मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत. वातड पोळीला पाण्याचा हबका आणि झाकणाखाली एक वाफ. खवट आणि विटलेल्याला उपाय नाही, ते टाकायचं. आईने भाताला एक शब्द लावला आणि भाचीच्या पुढच्या दहा मिनिटांचं काम ठरलं.

तर तुमच्या घरचे असे शब्द सांगा. फोडणीच्या पोळीला तुमच्याकडे काय म्हणतात तेही सांगा. आमच्याकडे फोडणीची पोळीच म्हणतात, पण शेजारच्या काकू 'मनोहरा' म्हणतात आणि ते नाव मला फार आवडतं.

*

ताई, शिळं या शब्दात मुळात 'वाईट' असं काही नाहीच. संस्कृत शीतल, त्याचं प्राकृतात सीअल, आणि मराठीत शिळा. दोन स्वरांमधला 'त' गळतो (माता आणि माय आठवा) आणि शेवटच्या 'ल'चा आपल्याकडे 'ळ' होतो, जसा कमल-कमळ, फल-फळ. कोमलचं कोवळं झालं तेही याच वळणाने. म्हणजे शिळं अन्न म्हणजे थंड झालेलं अन्न, एवढंच.

त्याच्या जोडीचा शब्द बघा. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो, तो ऊन संस्कृत उष्णवरून आला. ऊन आणि शिळं, उष्ण आणि शीतल, अशी ही सरळ जोडी होती. 'ताजं' हा शब्द फारसीतून नंतर आला, आणि शिळ्याची जोडी ताज्याशी जुळली. गरम-गारचा हिशेब असा नवं-जुनंचा झाला.

श्रावणातली शिळासप्तमी हीच गोष्ट सांगते. व्रत शीतलादेवीचं. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं केलेलं खायचं. देवीच्या नावात शीतल, ताटात शिळं.

मात्र शिळ्याला कमी लेखणं आजचं नाही, हेही नोंदवतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दहाव्या श्लोकात तामसी माणसाला आवडणाऱ्या अन्नाची यादी आहे: यातयामं, गतरसं, पूति, पर्युषितं, उच्छिष्टं. यातयाम म्हणजे शब्दशः प्रहर लोटलेलं, पूति म्हणजे दुर्गंधी सुटलेलं, पर्युषित म्हणजे रात्र काढलेलं, आणि उच्छिष्ट तेच आपलं उष्टं. एका श्लोकात बसवले असले तरी शब्द वेगळे ठेवलेत. पर्युषित वेगळं, पूति वेगळं. तुमच्या आईंनी केला तोच भेद.

*

कोल्हापूरकडची आहे मी. आमचा शब्द 'येळवणी'. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवायची आणि शिजली की पाणी येळून घ्यायचं, म्हणजे चाळणीतून वेगळं काढायचं. ते पाणी म्हणजे येळवणी. पुण्याकडे त्याला कट म्हणतात, आमटी तीच. त्यात चमचाभर पुरण, चिंच, भाजलेलं सुकं खोबरं, कांदा-लसणाचा मसाला आणि वरून कढीपत्त्याची फोडणी. सणाच्या दिवशी ती पातळ आणि जरा पोरकी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलेली असते आणि शिळ्या पोळीबरोबर तिची खरी चव कळते. आमच्या घरी येळवणी मुद्दाम जास्त करतात, दुसऱ्या दिवसासाठी.

'येळणं' म्हणजे पुस्तकी मराठीतलं 'वेळणं'. भातही पूर्वी वेळायचे. जास्त पाण्यात तांदूळ शिजवून, पातेल्यावर वेळणी धरून, पातेलं आडवं करून पेज काढायची. प्रेशर कुकर आला, पाणी मोजून घालायला लागलो आणि वेळायचं काही राहिलंच नाही. माझ्या सुनेने डाळ कुकरमध्ये बेताच्या पाण्यात लावली तेव्हा पुरण झकास झालं, पण येळवणी निघेना. मग ती म्हणाली, "आत्या, येळवणी म्हणजे नक्की काय ते मला आज कळलं." आता आम्ही पुरणाची डाळ पातेल्यातच शिजवतो.

कट शब्दावरून आठवलं. मिसळीवर येतो तोही कट. नागपूरकडे त्याला तर्री म्हणतात.

*

मी मराठवाड्यातला. आमच्याकडं पोळीपेक्षा भाकर उरते, आणि शिळ्या भाकरीचे 'कुटके' करतात. कुटका म्हणजे तुकडा. भाकर हातानं बारीक मोडायची, फोडणीत लसूण आणि दाण्याचा कूट सढळ, पाणी घालून उकळी आली की कुटके टाकायचे. ज्वारीची भाकर ते पाणी पिऊन मऊ होते, पण तिचा लगदा होत नाही. गरम गरम वाटीत घेऊन वरून कच्चं तेल. पोळीचं असंच केलं तर त्याला आम्ही कुस्करा म्हणतो. कुस्करायचा तो कुस्करा, मोडायचे ते कुटके. भाकर आम्ही कुस्करत नाही, मोडतो.

*

वरच्या सगळ्यांशी सहमत, फक्त एक काळजीची गोष्ट. मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. भात विटलाय की नाही ते नाकाला आणि बोटाला कळतं, पण भाताच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर उघड्या हवेत राहिला तर ते वाढतात. त्यातून तयार होणारं एक विष असं आहे, की भात पुन्हा कडक गरम केला तरी ते जात नाही. वास येत नाही, तारही येत नाही. पोटाला मात्र कळतं. म्हणून जेवणं झाली की भात पसरट भांड्यात काढून निववा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. ताईंच्या आईंचा भात फ्रिजमधला होता, त्यामुळे त्यांचा निकाल बरोबरच.

आणि फोडणीचा भात शिळ्याचाच का चांगला होतो, तेही सांगते. शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. गार झाल्यावर तोच स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, शीत कडक होतं आणि मोकळं सुटतं. ऊन भात फोडणीत घातला तर गिच्च गोळा. तेव्हा फोडणीच्या भाताला शिळा भात 'चालतो' म्हणू नये, शिळाच लागतो.

*

भाजीबाजारातला एक शब्द या चर्चेत हवा: जून. भेंडीचं टोक मोडून बघायचं, कट्कन तुटलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. दुधीला नख लावायचं, सहज रुतलं तर घ्यायचा. वांगं आकाराच्या मानाने हलकं हवं, जड असलं की आत बिया. आमचा भाजीवाला नख लावू देत नाही, तो स्वतःच एक दुधी आडवा धरून म्हणतो, "काकू, लोणी आहे लोणी."

जून आणि जुना दोन्ही संस्कृत जीर्णचे. पण भेंडी जून असली की टाकतो आणि तांदूळ जुना असला की दोन पैसे जास्त देऊन घेतो. नवा तांदूळ चिकट शिजतो, जुना पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो. तेव्हा वय वाढलं म्हणजे किंमत उतरली, असं आपल्या स्वयंपाकघराने कधी मानलं नाही. लोणचं, मुरांबा, येळवणी मुरते. मुरणं हा शब्द आपण कौतुकानेच वापरतो.

*

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे या पदार्थाच्या नावातच काळ आहे: 'कालची कडी'. ही ताकाची कढी नव्हे, नारळाच्या वाटणाचं माशाचं हुमण. काल रात्रीचं हुमण मातीच्या भांड्यात मंद विस्तवावर ठेवायचं. पाणी आटतं, नारळाचा रस भांड्याच्या कडेला लागतो, मासळीचा अर्क उतरतो आणि कडी दाट, तांबूस होते. सकाळी उंडा किंवा पोये या आमच्या पावांबरोबर. लहानपणी आई ती खरवडून वाढायची तेव्हा आम्ही भावंडं कडेच्या करपट थरासाठी भांडायचो. 'शिळी कडी' असं घरात कुणी म्हटलेलं आठवत नाही. कालची म्हटलं की पुरे, आणि ती मागून घ्यायची गोष्ट होती.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. शीतल-शिळं ऐकून आई खूश झाली. म्हणाली, "म्हणूनच शिळोप्याच्या गप्पा." शिळोपा म्हणजे कामं आटोपल्यावरची निवांत वेळ, आणि मलाही आता त्यात तोच गारवा ऐकू येतो.

भात निववून फ्रिजमध्ये ठेवायचं तिला वाचून दाखवलं. ती ऐकून घेते आणि करतेही. 'निववणं' शब्द वापरलात म्हणून विशेष आनंद, आमच्या घरात आता सगळं 'थंड करतात'.

कालची कडी वाचून आमच्या कढीची आठवण झाली. 'शिळ्या कढीला ऊत' म्हणतो त्यातही स्वयंपाकाचं ज्ञान आहे. ताकाची कढी नुसती उकळत ठेवली की फुटते. ती सतत ढवळत मंद आचेवर तापवायची आणि ऊत यायच्या आत उतरायची. पहिल्या दिवशीही तिला ऊत आणायचा नसतो, मग शिळीला कशाला?

रविवारी कुटके केले. ज्वारीची भाकर मुद्दाम एक दिवस आधी करून ठेवली होती. माझ्याकडून पाणी जरा कमी पडलं, पण भाचीने दोनदा वाढून घेतले. उरलेले दोन घास डब्यात भरताना तिने झाकणावर चिठ्ठी लावली. अक्षर कोरून लिहिलं होतं: 'कुटके. उद्या शिळे होतील. टाकू नये.'