शेतात स्वतंत्र सौर पंप की कृषी फिडरच सौर करायचा?

माळरान
राज्यात दोन योजना बरोबरीने चालल्यात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यापुढे साडेसात. दुसरी सौर कृषी वाहिनी योजना 2.0. उपकेंद्राजवळ मोठा सौर प्रकल्प आणि त्यातून कृषी फिडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज.

माझं मत स्पष्ट आहे. जिथे खांब-तारा पोचल्यात तिथे पैसा फिडरवरच घालावा. 5 एचपीला 4800 वॅटची पॅनलं लागतात. पिकाला पाणी वर्षातले दीडशे-दोनशे दिवस. बाकीचे दिवस ती पॅनलं उन्हात रिकामी उभी. तीच उपकेंद्राला जोडली असती तर एक युनिटही वाया गेलं नसतं.

विहीरकाठ
अजिबात पटत नाही. प्रकल्पाची वीज उपकेंद्रापर्यंत चोख येईल, पुढचं काय? आतापर्यंत फिडर आलटून-पालटून दिवसा-रात्री चालायचे. आता सगळे पंप दिवसाच सुरू होणार. 5 एचपीची मोटर साधारण 6 केव्हीए भार ओढते, म्हणजे 100 केव्हीएच्या डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) सोळा पंप झाले की डीपी भरली. प्रत्यक्षात पंचवीस असतात, तारेवर चोरून टाकलेले आकडे वेगळेच. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त अँपिअर घेते, वाइंडिंग तापतं, जळतं. त्यात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो. लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज जातो. सौर पंपवाल्याला यातलं काहीच भोगावं लागत नाही. रात्री बिबट्या-सापाच्या भीतीत दारं धरायला जावं लागत नाही, हे तर आहेच.

खोलीमाप
दोघंही पाण्याच्या खोलीबद्दल बोलत नाही आहात, आणि खरा निकाल तिथेच लागतो.

4800 वॅट, चांगलं ऊन पाच तास, म्हणजे 24 युनिट. पॅनलची उष्णता, कंट्रोलर, मोटर, पंप यांत निम्म्याहून जास्त जातं. पाणी उचलायला धरा 11 युनिट. 50 मीटर हेडवर, म्हणजे पाणी एकूण जेवढं उंच चढवायचं त्या उंचीवर, एका युनिटात सुमारे 7300 लिटर येतं, म्हणजे दिवसाला 80 हजार. हेड 150 मीटर झालं की तेच जेमतेम 27 हजार. उन्हाळ्यात ठिबकवर एकरी 20 हजार लिटर धरलं, तर विहिरीवर चार एकर भिजतात, खोल बोअरवर एक सव्वा.

बहुतेक जण हेड मोजतानाच चुकतात. बोअरमधली पाण्याची पातळी तेवढी धरतात, तीही पावसाळ्यातली. मोजायची ती मे महिन्याची. त्यात ठिबकच्या दीड किलो दाबाचे 15 मीटर आणि पाइपातलं घर्षण मिळवा.

आणखी एक. सकाळी नऊला पंप फिरताना दिसतो पण पाणी येत नाही, मग तक्रार होते. पंप बिघडलेला नसतो. फेरे निम्मे झाले की दाब चौथाईवर येतो. म्हणून ठिबक 11 ते 3, आणि त्याआधी-नंतर जे पाणी येईल ते शेततळ्यात सोडायचं, तेही तळं बोअरजवळ आणि सखल असेल तर.

विहीरकाठ
हिशोब मान्य. विहीर असेल तर सौर पंप, खोल बोअर असेल तर फिडर. पण मग योजनेने खोली विचारायला नको का? पंपाची क्षमता नुसत्या सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून ठरते.

माळरान
हाच माझाही राग आहे. त्यात वीजजोडणीचे पैसे भरून ताटकळलेल्यांना सौर पंपात प्राधान्य दिलंय. ज्याचं पाणी 150 मीटरवर आहे, त्याच्यासाठी हा पर्यायच नव्हे. शिवाय एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ आहे. शेजाऱ्याला बिल शून्य आणि याने 10 टक्के भरून ढगाळ दिवशी थांबायचं.

डीपीचं तुमचं म्हणणं मात्र मी मान्य करतो. फिडर सौर करण्याआधी डीपीनिहाय भार मोजा, कपॅसिटर बसवा, गरज तिथे दुसरी डीपी उभी करा.

खोलीमाप
आणि रिकाम्या दिवसांसाठी युनिव्हर्सल कंट्रोलर मागा. त्यावर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालते. साधा कंट्रोलर पंपाशिवाय काही चालवत नाही.

पॅनल धुताना बोअरचं क्षारपाणी काचेवर वाळू देऊ नका, पांढरा थर बसतो. पहाटे काच गार असताना धुवा आणि लगेच पुसून घ्या. बांधावरच्या बाभळीची सावली एकाच पॅनलवर पडत असली तरी ती फांदी छाटा. पॅनलं एका माळेत जोडलेली असतात, एक दबलं की सगळ्या माळेची वीज घटते.