फोनवरून फोन लागतो, मग ॲपवरून ॲपला का लागत नाही?

घाटवाट

आईच्या फोनमध्ये बोलण्यासाठी चार ॲप आहेत. भावाच्या ऑफिसचं एक, बहिणीच्या घरी चालतं ते दुसरं, नातवाच्या क्लासचं तिसरं, आणि बाकी सगळा गोतावळा चौथ्यावर. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. कोणाला कुठून फोन करायचा हे तिने फ्रिजवर कागद चिकटवून लिहून ठेवलंय. तोच फोन कानाला लावून ती साधा नंबर फिरवते तेव्हा समोरच्याचं सिम कुठल्या कंपनीचं आहे हे तिला कळतही नाही, आणि कळायची गरजही पडत नाही. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतानाही त्याच्याकडे कुठलं ॲप आहे हे कोणी विचारत नाही.

साधा फोन सगळीकडे लागतो तो कंपन्यांच्या चांगुलपणामुळे नव्हे. एकमेकांना जोडणी देणं हे त्यांच्या परवान्यातच आहे. २०१६ मध्ये जिओ आलं आणि इतर नेटवर्कवर जाणारे त्याचे कॉल मोठ्या प्रमाणावर अडू लागले, तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली होती. मग कोट्यवधी लोक ज्या ॲपवर रोज बोलतात, त्यांना हा नियम का नाही? युरोपने डिजिटल मार्केट्स ॲक्ट या मोठ्या टेक कंपन्यांसाठीच्या कायद्यात तो घातलाय. सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲप आणि मेसेंजर त्या कायद्याखाली आले. जोडणी मागणाऱ्या दुसऱ्या ॲपशी आधी मजकूर, मग ग्रुप आणि चार वर्षांच्या आत आवाज-व्हिडिओ कॉल जोडून द्यायचे, असा तो क्रम आहे. आपल्याकडेही असा कायदा हवा, असं माझं ठाम मत आहे.

तारयंत्र

यूपीआयची तुलना पटत नाही. तिथे मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय बसलेली आहे आणि व्यवहार म्हणजे एक छोटा निरोप. कॉल म्हणजे सेकंदाला पन्नासएक आवाजाची पाकिटं, दोन्ही दिशांनी, तीही वेळेवर. एक पाकीट उशिरा आलं तर ते फेकूनच द्यावं लागतं.

मी वीस वर्षं ऑफिसांची फोनयंत्रणा बसवतोय, म्हणून सांगतो. प्रमाणपद्धतींचा दुष्काळ कधीच नव्हता. इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून कॉल लावायची एच.३२३ ही पद्धत १९९६ ची. एसआयपी १९९९ ची, तिची सुधारित आवृत्ती २००२ ची. कागदावर दोन्ही उत्तम. घरात बसवायला गेलं की राउटरपाशी अडायचं. राउटरमागच्या मशीनचा पत्ता बाहेरच्या जगात चालत नाही, आणि एसआयपी नेमका तोच आतला पत्ता निरोपात लिहून पाठवायचं. बेल वाजायची, समोरचा उचलायचा, आणि आवाज एकाच बाजूने जायचा. किती गिऱ्हाइकांच्या घरी जमिनीवर बसून मी हे निस्तरलंय! २००३ मध्ये स्काइप आलं. उघडा, नाव टाका, बोला. थेट वाट मिळाली नाही तर ते दुसऱ्या वापरणाऱ्यांच्या संगणकांतून कॉल फिरवून न्यायचं. लोकांनी ते निवडलं, कारण ते चालत होतं. बंद होतं म्हणून नव्हे.

आणि समित्यांचा वेग बघा. ब्राउझरमधल्या व्हिडिओसाठी व्हीपी८ घ्यायचं की एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायचे दोन प्रकार), यावर इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफची नोव्हेंबर २०१३ ची व्हँकुव्हरची बैठक निर्णयाविना उठली. वर्षाने होनोलुलूत तोड निघाली ती अशी, की ब्राउझरनी दोन्ही घ्यावेत. २०११ मध्ये खुलं झालेलं वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरमधून कॉल करायचं तंत्र, अधिकृत मानक व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. दहा वर्षं! तुमचा कायदा आला की प्रत्येक सुधारणा या रांगेत उभी राहील.

घाटवाट

@तारयंत्र, राउटरचं दुखणं खरंच होतं. पण त्यावरचं औषधही खुल्या मानकांतूनच आलं. राउटरमागून वाट शोधायचं आइस हे तंत्र २०१० मध्ये ठरलं, आणि आज ब्राउझरमधला प्रत्येक कॉल त्याच्याच पद्धतीने वाट शोधतो. तुमचं एसआयपीही मेलं नाही. ४जीवरून साधा कॉल लावला तरी आतून एसआयपीच चालतं.

आणि स्काइपचं काय झालं? ५ मे २०२५ ला ते बंद झालं. वापरणाऱ्यांचे संपर्क मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये नेता आले, कारण मालक एकच. दुसऱ्या कंपनीकडे जायचं असतं तर? आवाज दाबून लहान करायची स्काइपची सिल्क ही पद्धत मात्र सेल्ट या खुल्या पद्धतीशी जोडली जाऊन २०१२ मध्ये ओपस झाली, आणि ती आज जगभर चालते. स्काइपचं जेवढं खुलं झालं, तेवढं टिकलं.

पारावरचा

एवढं भांडायची गरज आहे का? आमच्या वाचनालयाची मासिक बैठक जित्सी या व्हिडिओ-बैठकीच्या सोयीच्या दुव्यावर होते. येणाऱ्याला खातं नको, नंबर नको. दुवा पाठवला की ज्याच्या फोनमध्ये ब्राउझर आहे तो आला. ॲपलचं फेसटाइमसुद्धा २०२१ पासून दुव्याने अँड्रॉइडवाल्यांना आत घेतं. प्रश्न सुटलाय की!

घाटवाट

@पारावरचा, ठरलेल्या बैठकीसाठी सुटलाय. पण दुव्याची बेल वाजत नाही. रात्री दीड वाजता आईच्या छातीत दुखलं तर तिने दुवा कोणाला पाठवायचा, आणि तो कोण बघणार?

अडचण नेमकी इथे आहे. आवाज कसा दाबायचा, मधल्या कोणाला ऐकू येऊ नये म्हणून कसा कुलूपबंद करायचा, कुठल्या वाटेने न्यायचा, हे वेबआरटीसीने ठरवलंय. पण समोरच्याला शोधून त्याच्याकडे बेल कशी वाजवायची, हा भाग मुद्दाम मोकळा सोडलाय. ज्याने त्याने आपापला बांधावा. म्हणून दोन ॲप आतून सारखंच वेबआरटीसी वापरत असली तरी एकमेकांना हाक मारू शकत नाहीत. रस्ता सगळ्यांचा झाला, पण दारावरची घंटा प्रत्येकाची खाजगी राहिली. आणि माणसं अडकून राहतात ती घंटेपाशीच.

खुशीने हे होईल असं मला आता वाटत नाही. गूगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर उभं राहिलं, २००६ च्या जानेवारीत इतरांच्या सर्व्हरशी जोडलं गेलं. २०१३ मध्ये गूगलचंच हँगआउट्स आलं, त्यात ही सोय नव्हती. फेसटाइम दाखवताना स्टीव्ह जॉब्सनी जून २०१० मध्ये भर मंचावरून सांगितलं होतं की ते खुलं मानक करू. ते झालं नाही. त्यात पेटंटच्या दाव्यांचाही वाटा असेल. पण आईच्या फ्रिजवरचा कागद तसाच आहे.

कुलूपकिल्ली

घंटेचं उदाहरण चांगलं दिलंत, त्यावरच बोलते. माझा विरोध कंपन्यांच्या प्रेमापोटी नाही.

आज व्हॉट्सॲपवरचा कॉल दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. कुलूप मजबूत असणं हे अर्धंच काम. किल्ली खरंच त्याच माणसाची आहे हे कोण सांगतं? ते ॲप सांगतं, आपल्याकडच्या किल्ल्यांच्या यादीवरून. दोन ॲप जोडली की एकीने दुसरीच्या यादीवर विश्वास ठेवायचा. दुसरी ढिली असेल तर मध्ये तिसरा बसू शकतो, आणि तुमच्या आईच्या पडद्यावर कुलपाचं चित्र तसंच दिसत राहील. सिग्नल आणि थ्रीमा या ॲपनी युरोपात व्हॉट्सॲपशी जोडून घ्यायला नकार दिला, तो याच काळजीतून. या दोघांना मक्तेदार म्हणता येणार नाही ना?

दुसरं, डिजिटल अरेस्ट. खाकी कपड्यातला माणूस व्हिडिओवर येतो, म्हाताऱ्या माणसाला तासन्‌तास पडद्यासमोर बसवून ठेवतो आणि जन्माची पुंजी काढून घेतो. हे आजच्या बंद ॲपवरही घडतंय, हे मान्य. पण तिथे निदान एक कंपनी आहे जिला खातं बंद करायला सांगता येतं. उद्या कुठल्याशा अनोळखी ॲपवरून बेल वाजली तर दाद कोणाकडे मागायची? साधा फोन सगळ्यांना खुला आहे म्हणता, मग खोट्या नंबरांचे कॉल सर्वात जास्त तिथेच का येतात?

दुबईकर

यूएईत परवाना नसलेल्या इंटरनेट कॉलला परवानगी नाही, त्यामुळे इथून व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही. मी मिरजेला आईबाबांशी बोलायला बोटिम वापरतो. त्यांच्या फोनमध्ये ते फक्त माझ्यासाठी आहे. माझ्या इथल्या परवानाधारक ॲपवरून त्यांच्या रोजच्या ॲपवर बेल गेली, तर आमच्या घरापुरता हा प्रश्न मिटेल. म्हणून घाटवाट यांना पाठिंबा. पण कायदा करताना कुठलं ॲप चालेल हे ठरवायचा अधिकार सरकारकडे जाऊ नये. ते कसं असतं, ते इथे बघतोय.

घाटवाट

@कुलूपकिल्ली, किल्लीचा मुद्दा मला नीट लक्षात आला नव्हता. मागणी बदलतो. अनोळखी बेल वाजूच नये. आधी विनंती यावी, आईने ती स्वीकारली तरच पुढचा कॉल लागावा. जो ॲप दोन्ही टोकांचं कुलूप पाळत नाही, त्याला जोडणी मागायचा हक्कच नसावा. आणि समोरचा दुसऱ्या ॲपवर आहे हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसावं.

तारयंत्र

आता निदान बोलण्यासारखं झालं. पण पैशाचं बोला. थेट वाट मिळाली नाही की कॉल मधल्या सर्व्हरवरून फिरवावा लागतो, आणि व्हिडिओचा तो खर्च कमी नसतो. लहान ॲपवरून आलेला कॉल मोठ्या ॲपच्या सर्व्हरवरून फिरला तर बिल कोणाचं? फोन कंपन्यांमध्ये हाच वाद वर्षानुवर्षं चालला. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला की तिला द्यायचे मिनिटाला १४ पैसे होते, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ झाले, शून्य व्हायला १ जानेवारी २०२१ उजाडलं. मधल्या काळात जिओने ते ६ पैसे गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतले, आठवतंय ना?

घाटवाट

आठवतंय. जो कॉल लावतो, त्याच्या ॲपने मधला सर्व्हर पुरवावा.

तारयंत्र

मग दोघांच्या आवाजी कॉलपुरतं मला मान्य आहे, कुलूपकिल्ली यांच्या अटींसकट. ग्रुप व्हिडिओला माझा विरोध कायम. तिथे कोणाचं चित्र किती मोठं पाठवायचं हे प्रत्येक ॲपचा सर्व्हर आपापल्या पद्धतीने ठरवतो, आणि ते दोन कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये वाटून चालवलेलं मी अजून धड पाहिलेलं नाही.

कुलूपकिल्ली

माझं मत आत्ताच तुमच्या बाजूने धरू नका. किल्ल्यांची यादी कोण तपासणार, याचं उत्तर अजून आलेलं नाही.