मदत हवी आहे: लिब्रेऑफिस रायटर रोज सकाळी सगळं विसरतो

शिक्काशाई:
मंडळी, तहसील कचेरीसमोर आमचं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारस नोंदीचे अर्ज अशी कामं. सासऱ्यांच्या वेळी टाइपरायटर होता. त्याला सेटिंग म्हणजे काय, तर एक मार्जिन. आता विंडोज १० आणि लिब्रेऑफिस ७ आहे (फुकट मिळणारं ऑफिसचं सॉफ्टवेअर, टायपिंगचा रायटर त्यातलाच), आणि मी रोज सकाळी अर्धा तास त्याला कालचंच शिकवत बसते.

पहिली कटकट फाँटची. नवीन फाइल उघडली की मंगल येतो. मला शोभिका हवा. मंगलच्या ओळी इतक्या सुट्या पडतात की एका पानात बसणारं प्रतिज्ञापत्र फक्त सहीपुरतं दुसऱ्या पानावर उतरतं, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, या दोन ओळींचे वेगळे पैसे?" टूल्स, ऑप्शन्स, रायटर, बेसिक फाँट्स इथे जाऊन शोभिका निवडते. समोरच्या फाइलीत बदलतो. पुढची फाइल उघडली की पुन्हा मंगल.

दुसरी कटकट जास्त छळते. ऑटोकरेक्टमध्ये मी सत्तरएक शब्द भरून ठेवलेत. 'सप्र' लिहून स्पेस दिला की 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' असं यायला हवं. बऱ्याच सकाळी 'सप्र'चं 'सप्र'च राहतं, वर 'आहे'सारख्या साध्या शब्दाखालीही लाल नागमोडी रेघ. यादी उघडून भाषेच्या चौकटीत मराठी निवडलं, तर सगळे शब्द जागच्या जागी आहेत! दुपारी कधीतरी आपोआप चालू होतं. का, ते कळत नाही.

मशीन एक, लॉगिन एक. मी आणि माझे दीर आलटूनपालटून बसतो. एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने लिब्रेऑफिस काढून परत टाकलं, पाचशे रुपये घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसंच. व्हायरस असेल का?

बिनपगारी इंजिनियर:
व्हायरस नाही. काढून परत टाकल्याने काही होत नाही, कारण तुमची सेटिंग्ज सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये नसतातच. ती यूजर प्रोफाइलमध्ये असतात आणि अनइन्स्टॉल केलं तरी तिथेच राहतात. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहून एंटर मारा. लिब्रेऑफिस नावाचं फोल्डर दिसेल, त्यात '४' आणि त्यात 'यूजर'. (व्हर्जन ७ असलं तरी फोल्डर ४च असतं, गोंधळू नका.) ते 'यूजर' फोल्डर दुसरं नाव देऊन बाजूला करा, नवं कोरं तयार होईल. त्याआधी हेल्प मेनूतून रीस्टार्ट इन सेफ मोड करा, ॲडव्हान्स्डमध्ये प्रोफाइलची झिप बनवायची सोय आहे. ती झिप इथे टाका, आम्ही बघतो.

माजघर:
ताई, थांबा, झिप इथे टाकू नका! त्यात रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नावाची एक फाइल असते, तुम्ही बदललेली जवळपास सगळी सेटिंग्ज तिच्यात. आणि अलीकडे उघडलेल्या फायलींची यादीही तिच्यातच. तुमच्या फायलींना गिऱ्हाइकांचीच नावं असणार. अमक्याचं वारसपत्र, तमकीचं घटस्फोटाचं प्रतिज्ञापत्र, हे चव्हाट्यावर कशाला?

आणि प्रोफाइल कोरं केलंत तर ते सत्तर शब्दही बाजूला पडतील. ते 'यूजर'च्या आत 'ऑटोकर' फोल्डरमध्ये असतात.

मुळात प्रोफाइल बिघडलंय असं मला वाटत नाही. शब्द जागेवर आहेत म्हणजे त्याच्या लक्षात आहे, वापरत मात्र नाहीये. दोनच गोष्टी बघून सांगा. नवी कोरी फाइल उघडल्यावर वरचं मार्जिन किती असतं? आणि जेव्हा 'सप्र' चालत नाही, तेव्हा कर्सर तिथेच ठेवून खिडकीच्या तळाच्या पट्टीत कोणत्या भाषेचं नाव दिसतं?

बंड्या लिनक्सवाला:
लिनक्स टाका. प्रश्न मिटला.

माजघर:
बंड्या, तिथेही हेच लिब्रेऑफिस आहे, आणि प्रोफाइलचं फोल्डर तिथेही ४च.

शिक्काशाई:
आत्ताच पाहिलं. कोरी फाइल उघडली की वर साडेचार इंच जागा सुटलेली असते. पण ते बरोबर आहे ना? आम्ही स्टँप पेपरवर छापतो, वर मुद्रांक असतो, म्हणून दिरांनी तशी फाइल बनवून ठेवली होती. साधा अर्ज असला की मी मार्जिन हाताने कमी करते. सवय झाली.

आणि भाषा! खाली 'हिंदी' लिहिलंय. मी तर मराठीच टाइप करतेय हो!

माजघर:
सापडलं. दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणून तुम्हाला चक्रावल्यासारखं झालंय.

आधी फाँट. तुमच्या दिरांनी स्टँप पेपरची फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह केली आणि तीच डिफॉल्ट ठरवली. तेव्हापासून प्रत्येक नवी फाइल म्हणजे त्या टेम्प्लेटची नक्कल. मार्जिन तिचं, फाँट तिचा, भाषाही तिचीच. ऑप्शन्समध्ये तुम्ही शोभिका निवडता, पण ती निवड चालते जेव्हा डिफॉल्ट टेम्प्लेट मूळचं असेल तेव्हा. घरात मोठ्या जाऊबाईंनी आमटी आधीच टाकलेली असताना तुम्ही आमसूल की चिंच ठरवत बसल्यासारखं आहे हे.

कोरी फाइल घ्या. मार्जिन नेहमीचं करा. एफ ११ दाबून स्टाइल्स उघडा, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर उजवी टिचकी, त्यात फाँटच्या पानावर खालचा सीटीएलचा भाग आहे (देवनागरी त्यातच मोडते), तिथे शोभिका आणि भाषा मराठी. मग फाइल मेनू, टेम्प्लेट्स, सेव्ह ॲज टेम्प्लेट, आणि 'सेट ॲज डिफॉल्ट'वर टिक. स्टँप पेपरचं टेम्प्लेट पुसू नका. लागेल तेव्हा ते मुद्दाम उघडायचं.

आता ऑटोकरेक्ट. घड्याळाशेजारी कळफलकाचं जे चिन्ह आहे त्यावर टिचकी मारून बघा. माझी पैज, तिथे तीन आहेत: इंग्रजी, हिंदी, मराठी. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं की पुढच्यावर जातो. सकाळी मशीन इंग्रजीवर सुरू होतं, तुम्ही एकदा दाबता आणि हिंदीवर थांबता. दोन्ही इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळांची ठरलेली मांडणी), कळा जवळजवळ सारख्या, अक्षरं देवनागरी, त्यामुळे फरक डोळ्याला दिसतच नाही. रायटरला मात्र दिसतो. हिंदी कळफलकावरून आलेला मजकूर तो हिंदी म्हणून नोंदवतो. मग तुमची मराठीची शब्दयादी तो उघडणारच नाही, आणि 'आहे' हिंदी शब्दकोशात नसल्याने लाल रेघ. दुपारी कुणाचं तरी बोट दोनदा पडतं, मराठी येतं, आणि 'आपोआप' चालू होतं.

विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन हिंदी कळफलक काढून टाका. लागत असेल तर ठेवा, पण मग ते शब्द ऑटोकरेक्टमध्ये मराठीखाली न ठेवता भाषांच्या यादीतल्या 'ऑल'खाली भरा, म्हणजे भाषा कुठलीही असो, चालतील.

बिनपगारी इंजिनियर:
मान गए. (हे हिंदी कळफलकावरून.) एक भर घालतो: ऑप्शन्समध्ये लँग्वेज सेटिंग्जखाली डॉक्युमेंटच्या भाषा ठरवता येतात, तिथे सीटीएलला मराठी करा. पण 'फॉर द करंट डॉक्युमेंट ओन्ली'ची टिक काढून मगच ओके करा. ती टिक राहिली की सेटिंग त्या एका फाइलीपुरतंच लागतं. मी स्वतः महिनाभर या टिकेने फसलो होतो. आणि झिप मागितल्याबद्दल सॉरी ताई, डोक्यात आलं नाही.

शिक्काशाई:
माजघर, पैज जिंकलात. इंग्रजी, हिंदी, मराठी, अगदी त्याच क्रमाने. दिरांना विचारलं तर म्हणाले, "हिंदी सुरुवातीपासूनच आहे, मला वाटलं मराठीचा सुटा कळफलक नसतो." मराठीचा मीच गेल्या दिवाळीत टाकला होता आणि त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणजे निम्मा दोष माझा.

हिंदी काढला, टेम्प्लेट बदललं. आज सकाळी मशीन सुरू केलं, कोरी फाइल, 'सप्र', स्पेस, आणि पूर्ण ओळ उमटली. पहिलं प्रतिज्ञापत्र एका पानात, खाली सहीला जागा ठेवून.

दोन शंका राहिल्या. जुन्या फायलींतला मजकूर हिंदीच दाखवतोय, तो बदलायचा कसा? आणि हे सत्तर शब्द दिरांच्या घरच्या लॅपटॉपवर नेता येतील का?

माजघर:
जुनी फाइल उघडा, टूल्स, लँग्वेज, फॉर ऑल टेक्स्ट, मराठी. सगळ्या फायली करत बसू नका, जी पुन्हा लागेल तेवढीच.

लॅपटॉपसाठी दोन्हीकडचं लिब्रेऑफिस पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारी त्याचं क्विकस्टार्टर (लवकर उघडावं म्हणून मागे चालू राहणारा भाग) असेल तर तेही. मग 'यूजर'मधली ऑटोकर, वर्डबुक (शब्दकोशात तुम्ही घातलेले शब्द) आणि टेम्प्लेट ही फोल्डरं पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिकडच्या 'यूजर'मध्ये टाका. दिरांनी तिकडे स्वतःचे शब्द भरलेले असतील तर आधी त्यांची फोल्डरं बाजूला काढून ठेवा, नाहीतर तुमचे त्यांच्यावर बसतील. रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नेऊ नका, त्यात या मशीनवरच्या फोल्डरांचे पत्ते असतात. आणि तिकडचा कळफलकही बघून घ्या.

शिक्काशाई:
तिकडे फक्त हिंदीच आहे. आत्ता फोनवर विचारलं.