रस्त्याच्या कडेला सापडणाऱ्या वस्तू नेमक्या कोठून येतात?

प्रश्न: रोज सकाळी सायकल चालवताना रस्त्याच्या कडेला नट-बोल्ट, एकेकटे हातमोजे, चाकांची झाकणे आणि शिशासारखे जड, वाकडे तुकडे दिसतात. हे सारे कडेलाच का साचते, आणि त्यातले काय उचलावे?

प्रतिसाद १: वाहनांच्या चाकांचा फटका व त्यांच्या वेगामुळे उठणारा वारा वस्तूंना बाजूला ढकलतो. शिवाय रस्ता मध्यभागी किंचित उंच असल्याने पावसाचे पाणी हलका कचरा कडेला वाहून नेते. वळणे आणि गतिरोधक यांच्या पुढचा भाग पाहा. सैल बांधलेले सामान तेथेच पडते. ते जड तुकडे बहुधा चाकांचा तोल साधण्यासाठी लावलेली वजने असावीत. युरोपीय संघात २००५ पासून नव्या मोटारींना शिशाची वजने लावण्यास बंदी आहे, पण जुनी अजूनही सापडतात. ती हाताळल्यावर हात अवश्य धुवावेत.

प्रतिसाद २: सायकलस्वाराचा खरा शत्रू मात्र बोल्ट नव्हे, तर फुटलेल्या टायरमधून सुटणारी केसासारखी बारीक पोलादी तार आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि ट्यूबला भोक पाडते.

प्रतिसाद ३: मोबाइल किंवा पाकीट सापडल्यास जागा व वेळ लिहून ठेवून ते पोलिसांकडे द्यावे. मोबाइल बंद मात्र करू नये, मालक त्यावर फोन करण्याची शक्यता असते. एकेकटा हातमोजा जवळच्या कुंपणावर अडकवून ठेवणे मला पुरेसे वाटते. वाहत्या रहदारीत वाकून काहीही उचलू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ट्यूबला पडणाऱ्या भोकांचे कोडे आज उलगडले.